गव्हाची बिअर : मक्तेदारीतून स्वयंपाकघरात

बव्हेरियातली गव्हाची बिअर पहिल्यांदा पिणारा माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो : यात केळं घातलंय का? दोन-चार घोटांनंतर त्याला लवंगेचाही वास जाणवू लागतो. खरे तर त्या पेल्यात केळेही नसते आणि लवंगही नसते. गहू, जव, हॉप्सची फुले, पाणी आणि यीस्ट एवढाच मामला असतो. तो सगळा सुवास यीस्ट नावाचा एकपेशीय जीव आंबवण्याच्या काळात तयार करतो. तो कमी होणार की जास्त, केळ्याकडे झुकणार की लवंगेकडे, हे बिअर करणाऱ्याच्या हातातल्या दोन-तीन साध्या गोष्टींवर ठरते. तापमान किती राखले, भांडी किती स्वच्छ होती आणि मधल्या काळात धीर किती धरला, हे सारे शेवटी पेल्यात उतरते.

घरी पहिल्यांदा बिअर करायला घेणाऱ्याला म्हणूनच ही बिअर फार चांगली शिकवण देते. ती गढूळच असायची असते, त्यामुळे ती नितळ करण्याची खटपट नाही. थंडगार तळघर लागत नाही. महिनाभरात ती पेल्यात येते. हॉप्सचा कडवटपणा अगदी थोडा असल्यामुळे यीस्टचे काम उघड दिसते. नवशिक्याला आपण काय केले आणि त्याचे काय झाले, हा संबंध इतका स्पष्ट दाखवणारी दुसरी बिअर क्वचितच सापडेल.

तिच्याविषयी विस्ताराने लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. आज जर्मनीतला कोणताही गृहस्थ ही बिअर आपल्या ओट्यावर करू शकतो. पण सुमारे दोन शतके ती करण्याचा हक्क राज्यकर्त्याच्या मुठीत होता. कोणी काय आंबवावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचा मोठा इतिहास या फेसाळ पेल्यामागे उभा आहे. तो प्रश्न आपल्या महाराष्ट्रालाही लागू पडतो.

भाकरीचा गहू आणि ड्यूकचा गहू

२३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे बव्हेरियाचे ड्यूक चौथे विल्हेल्म आणि त्यांचे बंधू दहावे लुडविग यांनी एक फर्मान काढले. बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काहीही घालायचे नाही, असा त्याचा आशय होता. बिअरचे दरही त्यात बांधून दिले होते. यीस्टचा उल्लेख त्यात नाही. आंबण्यामागे एक सजीव असतो, हे शास्त्राला उमगायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. गहूही त्या यादीत नाही. गहू आणि राय ही पावाची धान्ये. ती बिअरच्या पिंपात गेली तर गरिबाचा पाव महागेल, हा विचार या बंदीमागे होता, असे सामान्यतः मानले जाते.

नियम झाला, तसा अपवादही झाला. १५४८ मध्ये डेगेनबर्ग या सरदार घराण्याला गव्हाची बिअर करण्याचा खास हक्क मिळाला. १६०२ मध्ये या घराण्याचा शेवटचा पुरुष निपुत्रिक वारला आणि तो हक्क ड्यूक पहिले मॅक्सिमिलियन यांच्याकडे परत आला. मॅक्सिमिलियन यांनी त्यातला पैसा ओळखला. म्युनिकमध्ये आज जिथे जगभरचे पर्यटक गर्दी करतात, त्या प्लाट्झलवरच्या होफब्रॉयहाउसच्या जागी त्यांनी १६०७ मध्ये गव्हाच्या बिअरची भट्टी उभी केली. डॅन्यूबकाठच्या केलहाइमलाही त्याच सुमारास गव्हाच्या बिअरचा कारखाना निघाला. पावाचे धान्य म्हणून प्रजेला जे मना होते, तेच आता राज्याच्या तिजोरीत भर घालू लागले.

या धंद्याला ऋतूचीही साथ होती. १५५३ च्या एका हुकुमानुसार बव्हेरियात बिअर करण्याचा हंगाम २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढाच होता. उन्हाळ्याच्या उष्णतेत केलेली तपकिरी बिअर नासत असे, कारण तिचे यीस्ट थंडीत, भांड्याच्या तळाशी राहून सावकाश काम करणारे होते. गव्हाच्या बिअरचे यीस्ट वेगळ्या जातीचे. ते पंधरा ते चोवीस अंशांच्या उबेत, फेसाबरोबर वर चढून काम करते. इतरांच्या भट्ट्या थंडावलेल्या असत, तेव्हाही ड्यूकची गव्हाची बिअर चालू राही.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. शतकाच्या उत्तरार्धात कार्ल फॉन लिंडे यांच्या शीतयंत्रामुळे लागर, म्हणजे थंडीत तळाशी आंबणारी, बिअर बारा महिने होऊ लागली. लोकांच्या जिभेला ती स्वच्छ, सोनेरी बिअर आवडली आणि गढूळ, गव्हाळ बिअर जुनाट वाटू लागली. अशा पडत्या काळात म्युनिकच्या गेओर्ग श्नायडर या व्यावसायिकाने ती करण्याचा हक्क मिळवला आणि १८७२ मध्ये शहरातल्या टाल या रस्त्यावर आपली ब्रुअरी सुरू केली. पुढे १९२८ मध्ये या घराण्याने केलहाइमचा तो जुना कारखानाही विकत घेतला. दुसऱ्या महायुद्धात म्युनिकमधली ब्रुअरी बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली, तेव्हा सगळे काम केलहाइमला हलले. श्नायडरची गव्हाची बिअर आजही तिथेच होते. गव्हाची बिअर आज बव्हेरियात सर्वांत जास्त प्यायल्या जाणाऱ्या प्रकारांत आहे. सकाळी अकराच्या सुमाराला पांढऱ्या सॉसेजबरोबर ती घेणे, ही म्युनिकची रीतच आहे.

बेल्जियममध्ये या कुळातली दुसरी शाखा आहे. तिथे मोड न आणलेला गहू, धने आणि संत्र्याची साल घालतात. होगार्डन गावातली या पद्धतीची शेवटची ब्रुअरी १९५० च्या दशकात बंद पडली. गावातला एक दूधवाला, पिएर सेलिस, तरुणपणी शेजारच्या ब्रुअरीत हाताखाली काम करत असे. आठवणीच्या आधारावर त्याने १९६० च्या दशकात ती बिअर पुन्हा करून पाहिली आणि एका लोपलेल्या प्रकाराला जगभर नाव मिळवून दिले. आज धने घातलेली पांढरी बिअर जिथे कुठे मिळते, तिथे या दूधवाल्याचे ऋण आहे.

एक अर्ज आणि पाचशे लिटर

जर्मनीत बिअरवरचा कर सीमाशुल्क खाते गोळा करते. घरी बिअर करू पाहणाऱ्याने आपल्या भागातल्या मुख्य सीमाशुल्क कार्यालयाला आधी कळवायचे असते : अमुक पत्त्यावर बिअर करणार आहे आणि वर्षभरात साधारण इतकी होईल. २०२३ पर्यंत वर्षाला २०० लिटरपर्यंतची घरगुती बिअर करमुक्त होती. १ जानेवारी २०२४ पासून ही मर्यादा ५०० लिटर झाली. अट एवढीच की ती आपल्या घरात, आपल्यासाठी करायची आणि विकायची नाही. दारू गाळण्याला, म्हणजे ऊर्ध्वपातनाला, मात्र अशी मोकळीक नाही. आंबवणे आणि गाळणे यांत कायद्याने स्पष्ट रेघ ओढली आहे.

इतर देशही कमी-अधिक काळाने याच जागी पोचले. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरला परवाना लागे, ती अट १९६३ मध्ये गेली. अमेरिकेत दारूबंदी उठली १९३३ मध्ये. घरी वाइन करायला तेव्हा वाट मिळाली, बिअरला मिळाली नाही. ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, तर दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त करता येऊ लागली. राज्यांचे कायदे निराळे असल्याने मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांत २०१३ उजाडले. अमेरिकेत पुढे ज्या छोट्या ब्रुअरींची लाट आली, तिच्यातले कितीतरी कारागीर आधी घरच्या गॅरेजमध्ये शिकलेले होते.

बव्हेरियाच्या ईशान्येकडच्या ओबरफाल्झ भागात तर सामाईक भट्टीची जुनी परंपरा अजून चालू आहे. तिला झॉइगल म्हणतात. विंडिशएशनबाख, नॉयहाउस, फाल्कनबर्ग अशा गावांत गावकीची भट्टी असते. हक्कदार घरे आळीपाळीने तिथे बिअरचा रस उकळतात आणि आपापल्या तळघरात आंबवतात. ज्याची बिअर तयार झाली, त्याच्या दारावर सहा कोनांची चांदणी टांगली जाते आणि गाव त्याच्या अंगणात जमते. ही बिअर गव्हाची नसते. पण बिअर हा घराचा आणि गावाचा उद्योग असू शकतो, ही समज त्या मातीत किती खोल आहे, हे तिच्यावरून कळते.

फ्राइझिंगमधला एक शनिवार

म्युनिकच्या उत्तरेला, विमानतळाच्या जवळ, फ्राइझिंग हे छोटे शहर आहे. त्याच्या एका टेकडीवर वाइहेनश्टेफान. पूर्वी इथे बेनेडिक्टिन साधूंचा मठ होता. १०४० पासूनची परंपरा सांगणारी इथली ब्रुअरी आता बव्हेरिया राज्याच्या मालकीची आहे. शेजारीच म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात बिअरचे शास्त्र पदवीपर्यंत शिकवले जाते. जगभर गव्हाच्या बिअरसाठी वापरले जाणारे सर्वांत प्रसिद्ध यीस्ट इथल्याच संग्रहातले, क्रमांक ६८. उत्तरेकडे हालरटाउ हा हॉप्सचा मुलूख पसरला आहे. सलग क्षेत्राच्या हिशेबाने तो जगात सर्वांत मोठा. उन्हाळ्यात तिथे सात-सात मीटर उंच तारांवर चढलेल्या वेली रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतात.

या गावात राहणाऱ्या एका मराठी जोडप्याच्या स्वयंपाकघरात मी एक शनिवार घालवला. दोघांनाही हा उद्योग नवा होता. सीमाशुल्क कार्यालयाला पत्र आधीच गेले होते. ओट्यावर स्टीलचे मोठे पातेले, थर्मामीटर, तीस लिटरची झाकणाची प्लास्टिकची बादली, वजनकाटा आणि एक वही. सामान एवढेच.

धान्यापासून सुरुवात न करता त्यांनी गव्हाच्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या अर्काची) तयार भुकटी घेतली होती. नवशिक्याने असेच करावे. धान्यातून साखर काढण्याचे पाच-सहा तासांचे काम त्यामुळे वाचते आणि सगळे लक्ष स्वच्छतेवर व आंबवण्यावर देता येते. वीस लिटर बिअरसाठी हिशेब असा : माल्टची भुकटी पावणेतीन किलो, हालरटाउचे सौम्य हॉप्स २५ ग्रॅम, गव्हाच्या बिअरच्या यीस्टची ११ ग्रॅमची एक पुडी. दहा लिटर पाणी आदल्या रात्रीच उकळून, झाकून गार केलेले होते. उरलेले बारा लिटर पातेल्यात तापत होते.

भुकटी घालताना आच बंद करावी लागते, नाहीतर ती तळाला बसून करपते आणि तो जळका वास शेवटपर्यंत जात नाही. नीट विरघळली की पुन्हा आच. उकळी फुटताना फेस झपाट्याने वर येतो. या वेळी पातेल्यापासून हलायचे नाही. फेस बसला की हॉप्स घालायचे आणि तासभर खळखळ उकळू द्यायचे. हॉप्समधल्या आम्लांचे रूप या उकळण्यात बदलते आणि कडवटपणा रसात उतरतो. हॉप्स बिअर टिकवायलाही मदत करतात. तासाभरात बाराचे दहा लिटर झाले. या गोड, तपकिरी रसाला ब्रुअर वर्ट म्हणतात.

आच बंद केल्यावर कामाचे स्वरूपच बदलते. उकळीपर्यंत जे हात लावले, ढवळले, ते सगळे उष्णतेने निर्धोक होते. उकळी थांबली की तोच गोड रस हवेतल्या प्रत्येक जंतूला आमंत्रण देतो. इथून पुढे रसाला ज्याचा ज्याचा स्पर्श होणार, ते सारे निर्जंतुक हवे : बादली, झाकण, चमचा, नळी, यीस्टच्या पुडीची कात्रीसुद्धा. त्या जोडप्याने दोन पायऱ्या कसोशीने पाळल्या. आधी घासून धुणे, मग निर्जंतुक द्रावणात बुडवणे. मळ राहिलेल्या भांड्यावर द्रावणाचा उपयोग होत नाही, म्हणून पहिली पायरी सोडून दुसरी करता येत नाही. पूर्ण दिवसातला सर्वांत जास्त वेळ धुण्यातच गेला, आणि तसाच जायला हवा.

पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवून रस गार केला, बादलीत उंचावरून ओतला, त्यात आदल्या रात्रीचे पाणी मिसळले. उंचावरून ओतण्याचे कारण असे की यीस्टला आपली संख्या वाढवायला सुरुवातीला प्राणवायू लागतो. आंबणे सुरू झाल्यावर मात्र हाच प्राणवायू बिअरची चव बिघडवतो, म्हणून नंतर बादली उगाच उघडायची नाही. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी रसात तरंगवून घनता मोजली : १.०५०. थर्मामीटरवर अठरा अंश होते. यीस्ट वर भुरभुरले, झाकण लावले, वायू बाहेर पडायला नळी जोडून तिचे टोक पाण्यात सोडले. नोंदी वहीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी नळीतून बुडबुडे येऊ लागतात. गव्हात प्रथिने जास्त, त्यामुळे फेसही दांडगा. वीस लिटरसाठी तीस लिटरची बादली घेतात ती यासाठीच. जागा कमी पडली तर फेस नळीत चढून ती तुंबते आणि झाकण उडते. तीन-चार दिवसांनी जोर ओसरतो. सात ते दहा दिवसांनी घनता पुन्हा मोजायची. १.०१२ च्या आसपास आली आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मोजमापे तंतोतंत जुळली, तर आंबणे संपले. आधीच्या आणि नंतरच्या घनतेतल्या फरकावरून अल्कोहोल काढता येते. इथे ते सुमारे पाच टक्के येते.

केळे कुठून येते

त्या बादलीत नेमके काय घडते, हे कळले की अठरा अंशांचे महत्त्व पटते. यीस्ट साखर खाते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. ते करत असतानाच ते शेकडो इतर संयुगे तयार करते. त्यातले आयसोअमाइल अॅसिटेट हे केळ्याच्या वासाचे संयुग. पिकलेल्या केळ्यातही तेच असते. जितकी ऊब जास्त, तितके ते जास्त. सतरा-अठरा अंशांना केळे आणि लवंग यांचा तोल राहतो. बावीस अंशांना केळे पुढे येते. त्याहून बरेच वर गेले की नेलपॉलिशसारखा वास आणि डोके दुखवणारी जड अल्कोहोल येतात. हवेचे तापमान आणि बादलीतल्या रसाचे तापमान सारखे नसते, हे नवशिक्याने लक्षात ठेवावे. आंबताना उष्णता निघते आणि रस खोलीपेक्षा काही अंशांनी गरम असतो. मोजायचे ते बादलीचे तापमान.

लवंगेचा वास येतो ४-व्हिनाइल ग्वायाकोल या संयुगातून. लवंगेतले मुख्य द्रव्य युजेनॉल. दोन्ही एकाच रासायनिक कुळातली. गव्हाच्या आणि जवाच्या पेशींच्या भिंतीत फेरुलिक आम्ल असते. बहुतेक बिअरच्या यीस्टना त्याचे रूपांतर करता येत नाही, पण गव्हाच्या बिअरच्या यीस्टला येते. इतर बिअरमध्ये हा वास दोष मानतात, इथे तोच गुण आहे. पाकिटावर गव्हाच्या बिअरचे यीस्ट असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर पदार्थ कितीही उत्तम घेतले तरी ही बिअर होणार नाही.

पुढे धान्यापासून बिअर करायची इच्छा झाली, तर माल्ट म्हणजे काय, हे मराठी घराला वेगळे शिकवावे लागत नाही. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून आपण सत्त्व करतो, तीच क्रिया गव्हावर आणि जवावर केली की माल्ट होते. मोड येताना धान्यात अशी विकरे जागी होतात, जी पिष्टाची साखर करतात. जर्मनीत गव्हाच्या बिअरमध्ये निम्म्याहून कमी गहू चालत नाही. उरलेला भाग जवाचा. भरडलेला माल्ट पाण्यात मिसळून ४४ अंशांवर पंधरा-वीस मिनिटे ठेवला की फेरुलिक आम्ल मोकळे होते आणि लवंगेचा वास वाढतो. मग ६३ ते ६७ अंशांच्या टप्प्यात पिष्टाची साखर होते. एक थेंब आयोडीन टाकून पाहायचे. रंग निळा-काळा झाला तर पिष्ट शिल्लक आहे, नाही झाला तर काम झाले.

खरी अडचण गाळताना येते. जवाच्या दाण्याला टरफल असते आणि ती टरफलेच गाळणीचे काम करतात. गव्हाला टरफल नसते, म्हणून गव्हाचा लगदा चिकट होऊन घट्ट बसतो आणि रस उतरत नाही. त्यावरचा उपाय कोकणातल्या कुठल्याही भातगिरणीवर मिळतो. भाताचे तूस धुऊन लगद्यात मिसळले की रसाला वाट मिळते. घरी बिअर करणारे जगभर हाच उपाय करतात.

भीती कोणती खरी

घरी केलेली बिअर म्हटले की आपल्याकडे पहिली भीती विषबाधेची. तिला कारणही आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसांचा जीव घेतला. ते विष मिथेनॉल होते. हे नीट समजून घ्यायला हवे, की धान्य आंबवताना मिथेनॉल नगण्य तयार होते. अशा दुर्घटना होतात त्या औद्योगिक मिथेनॉल मिसळलेल्या बेकायदा दारूमुळे. बिअरमध्ये काही गाळून साठवले जात नाही आणि बाहेरचे अल्कोहोलही घातले जात नाही. अल्कोहोल, आम्लता आणि हॉप्स यांच्यामुळे माणसाला आजारी पाडणारे बहुतेक जंतू बिअरमध्ये तगही धरत नाहीत. अस्वच्छतेने बिअर आंबट होते, ओतून द्यावी लागते.

खरा धोका बाटलीत आहे. गव्हाची बिअर जोरदार फेसाळायला हवी. त्यासाठी बाटली भरताना थोडी साखर घालतात. बाटलीतले यीस्ट ती खाते आणि तयार झालेला वायू बाहेर पडू न शकल्याने बिअरमध्ये विरघळतो. पहिल्या वेळी लिटरला आठ ग्रॅम, म्हणजे वीस लिटरला १६० ग्रॅम साखर पुरे. ती थोड्या पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये सारखी मिसळायची. आंबणे पुरे होण्याआधी बाटल्या भरल्या, साखर अंदाजाने टाकली किंवा पातळ काचेच्या बाटल्या घेतल्या, तर बाटली फुटते आणि काचा खोलीभर उडतात. दोन सारखी मोजमापे मिळाल्याशिवाय बाटली भरायची नाही, हा नियम मोडू नये. बाटल्याही जाड काचेच्या, बिअरच्याच घ्याव्यात आणि पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवाव्यात.

दुसरा धोका हवेचा. पाच टक्क्यांची वीस लिटर बिअर आंबताना सुमारे चारशे लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मोकळ्या खोलीत त्याने काही होत नाही, पण बंद, खोलगट जागेत बादली ठेवू नये. तिसरी गोष्ट उकळत्या रसाची. साखरेचा रस अंगावर उडाला तर साध्या पाण्यापेक्षा जास्त भाजतो. लहान मुलांना त्या दिवशी स्वयंपाकघराबाहेरच ठेवावे.

दोन आठवडे खोलीच्या तापमानाला आणि मग थंडाव्यात ठेवली की बिअर तयार. ही बिअर मुरवायची नसते. केळ्या-लवंगेचा वास ताजेपणीच चांगला लागतो आणि काही महिन्यांत उतरतो. ओतायची ती अर्ध्या लिटरच्या उंच, कमरेशी निमुळत्या पेल्यात. पेला तिरका धरून हळू ओतत जायचे, थोडी बिअर बाटलीत उरली की बाटली गोल फिरवून तळाचे यीस्ट हलवायचे आणि तेही पेल्यात घ्यायचे. फ्राइझिंगच्या त्या घरात महिन्याने पहिली बाटली उघडली तेव्हा केळ्याचा वास जरा जास्तच पुढे होता. वही काढली. तिसऱ्या दिवशीची नोंद एकवीस अंशांची होती. पुढच्या खेपेला बादलीभोवती ओला टॉवेल गुंडाळायचा, असे दोघांनी लिहून ठेवले.

आणि महाराष्ट्रात

पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. तेव्हापासून पुणे आणि मुंबईत ताज्या बिअरची ठिकाणे वाढत गेली आणि हेफेवाइत्सन या नावाने ही गढूळ गव्हाची बिअर अनेक मराठी जिभांना ओळखीची झाली. परवाना घेतलेल्या जागी जाऊन ती पिता येते. बिअरसाठी वयाची अट एकवीस वर्षे. घरी करता मात्र येत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे. पाच लिटर आपल्यापुरती आंबवलेली बिअर आणि विकण्यासाठी लावलेली हातभट्टी यांना तो एकाच दृष्टीने पाहतो. म्हणून इथे राहणाऱ्या वाचकाने हा लेख वाचून बादली आणायला जाऊ नये. जर्मनी, ब्रिटन, अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसानेही आधी आपल्या गावचा नियम पाहावा.

हा कायदा कडक का झाला, हे मी विसरत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे या राज्याने पाहिली आहेत. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तिच्यामागे गावोगावच्या बायकांनी भोगलेले हाल आहेत. त्या लढ्याचा अवमान होईल अशी कोणतीही सूट मागणे मला मान्य नाही. अल्कोहोल शरीराला अपायकारकच आहे. घरी केले म्हणून ते निरुपद्रवी होत नाही.

पण मालवणीत माणसे मेली ती चोरट्या, मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. स्वतःसाठी, नोंद ठेवून, थर्मामीटर लावून आंबवलेल्या बिअरचा त्या विषाशी काही संबंध नाही, आणि कायद्याने हा फरक ओळखायला हवा. जर्मनीने तो ओळखला : आंबवणे वेगळे, गाळणे वेगळे, विकणे वेगळे. घरगुती बिअरला आधी कळवण्याची अट, वर्षाला ठरावीक मर्यादा, विक्रीला पूर्ण मनाई आणि दारूबंदीच्या जिल्ह्यांना वगळणे, एवढ्या चौकटीत महाराष्ट्रालाही तसा विचार करता येईल. राज्यात अन्नतंत्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी असंख्य मुले-मुली आहेत. आंबवण्याचे शास्त्र त्यांना हाताने करून शिकता आले, तर त्याचा फायदा बिअरपुरता राहणार नाही.

१५१६ मध्ये गव्हाची बिअर प्रजेला नाकारली गेली, १६०२ नंतर ती राज्यकर्त्याने स्वतःच्या तिजोरीसाठी ठेवली आणि आज त्याच बव्हेरियात ती करायला एक पत्र पुरते. राज्य उत्पादन शुल्क विभागाने आणि विधिमंडळाने घरगुती, विक्रीसाठी नसलेल्या बिअरचा प्रश्न हातभट्टीपासून वेगळा काढून तपासावा, ही या लेखाची मागणी आहे.